दुर्बिणीतून चंद्राचा फोटो पांढराफटक आणि पुसट का येतो?

प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे गोव्यात पर्वरीला राहतात, १३० मिमी आरशाची, ६५० मिमी फोकल लेंथची (आरशापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर) न्यूटोनियन, म्हणजे भिंगाऐवजी आरशाची दुर्बीण घेतलीय, ईक्यू माउंट (पृथ्वीच्या अक्षाला समांतर फिरणारा स्टँड) आहे पण मोटर नाही. डोळ्याने चंद्र एकदम झकास दिसतो. पण मोबाईल आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) लावला की नुसता पांढरा गोळा येतो, डीएसएलआर टी-रिंगने (कॅमेरा दुर्बिणीला जोडायच्या कडीने) जोडला तर फोकसच होत नाही, आणि गच्चीवर धडपडून एकदाचा जो फोटो मिळाला तो पाण्याखालून काढल्यासारखा. शेवटी विचारलंय, आता मोठी दुर्बीण घेऊ की मोटरवाला माउंट?

दोन्ही नको. निदान या वर्षी तरी नको. १३० मिमीच्या आरशातून चंद्राचे जे फोटो निघू शकतात त्यांच्या जवळपासही तुम्ही अजून पोचलेला नाही, आणि हे टोमणा म्हणून नाही म्हणत, मीही पहिली तीन वर्षं तिथेच अडकलो होतो. तुम्ही एक प्रश्न विचारलाय पण त्याच्या पोटात तीन आहेत, पांढरा गोळा हा एक्स्पोजरचा, फोकस न होणं हा अंतराचा, आणि पाण्याखालचा फोटो हा हवेचा. पहिले दोन एका संध्याकाळी सुटतात. तिसरा सुटत नाही, त्याच्या कलाने घ्यावं लागतं, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

माझ्याबद्दल एवढंच की मी फोंड्याकडचा, पोटापाण्यासाठी लग्नाचे फोटो काढतो आणि पंधराएक वर्षं घराच्या आवारातून चंद्राचे काढतोय. तुमचा कॅमेरा कुठला, बार्लो (चित्र मोठं करणारं जोडभिंग) आहे का, घराभोवती मोकळी जागा किती, हे तुम्ही लिहिलं नाहीत, त्यामुळे काही गोष्टी "असेल तर" अशाच सांगाव्या लागतील.

आधी पांढरा गोळा. आपल्याकडे ख्रिश्चन लग्नात रात्रीच्या हॉलमध्ये नवरी पांढऱ्या गाऊनमध्ये येते तेव्हा नवशिक्या फोटोग्राफरचं काय होतं माहितीय ना, कॅमेरा ऑटोवर असतो, हॉल काळोखा, कॅमेऱ्याला वाटतं सगळंच काळोखं आहे, तो उजेड वाढवतो आणि गाऊनवरची सगळी लेस जळून जाते, उरतो पांढरा ठिपका. चंद्राचं डिट्टो तेच. फ्रेममध्ये ऐंशी टक्के काळं आकाश, ऑटो त्याच्यासाठी मोजमाप करतो. चंद्र बिचारा पांढरा नाहीच, त्याच्यावर पडलेल्या उजेडातला साधारण १२ टक्केच तो परत फेकतो, म्हणजे जुन्या डांबरी रस्त्यासारखा काळपट दगड आहे, पण तो भर उन्हात पडलाय. तेव्हा एक्स्पोजर रात्रीचं नाही, दुपारचं द्यायचं, बस.

आकडे हवे असतील तर जुना नियम आहे, पौर्णिमेचा चंद्र एफ/११ वर (एफ म्हणजे फोकल लेंथ भागिले आरशाचा व्यास, आकडा लहान तेवढा उजेड जास्त), आणि शटर म्हणजे आयएसओला उलटं करायचं, आयएसओ १०० तर १/१०० सेकंद. तुमची दुर्बीण ६५० भागिले १३० म्हणजे एफ/५, जवळजवळ पाचपट उजेड, म्हणून पौर्णिमेला आयएसओ १०० ला १/५०० च्या आसपास. आता इथे एक गंमत आहे, अष्टमीचा अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा उजेड देत असेल असं वाटतं, पण तो साधारण दहावा भागच देतो, कारण तिरप्या उन्हात सगळीकडे सावल्या असतात. उजळलेला भागच निम्मा, म्हणजे तेवढ्या भागाचा उजेड साधारण पाचपट कमी, त्यामुळे अष्टमीला तुमच्या एफ/५ ला १/१२५ पासून सुरुवात करा. २एक्स बार्लो लावलात तर एफ/१० होईल, मग आयएसओ ४०० आणि १/१२५. हे सुरुवातीचे आकडे, धूसर हवेत एखादा स्टॉप (म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) इकडेतिकडे. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघा, उजवीकडचं टोक भिंतीला आपटायला नको. आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. फोटो स्क्रीनवर जरा काळपट वाटला तर वाटू दे, काळपट वर आणता येतो, जळलेला परत येत नाही.

मोटर नसल्याची भीतीही इथेच संपते. आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतं, १/१२५ सेकंदात ते फक्त ०.१२ आर्कसेकंद होतं आणि तुमच्या आरशाची बारीकातली बारीक मर्यादाच ०.९ आर्कसेकंदाच्या आसपास आहे. म्हणजे ते सरकणं फोटोत दिसणारच नाही. १/३० च्या खाली गेलात तर मग विचार करावा लागेल. चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा सरकायला दोन मिनिटं घेतो, तेवढ्यात पन्नास फोटो होतात.

मोबाईलने काढायचं असेल तर १० मिमीचा आयपीस लावा (२५ मध्ये चंद्र शोधायचा, मग १० लावायचा), अडॅप्टर घ्या, हाताने धरून शंभरातला एखादा येतो पण त्यात मान मोडते. मुख्य लेन्स वापरा, वाइड नको, झूम नको. प्रो मोडमध्ये आयएसओ ५० किंवा १००, शटर १/१२५ पासून वर, फोकस लॉक, दोन सेकंदांचा टायमर. प्रो मोड नसेल तर चंद्रावर बोट दाबून धरा, लॉक झालं की उजेडाची पट्टी खाली ओढा, अगदी "फारच काळं झालं" वाटेपर्यंत. एक गोष्ट मात्र नक्की करा, सीन ओळखणारी ती एआयवाली सेटिंग बंद ठेवा. काही फोन चंद्र ओळखतात आणि त्याच्यावरचं बारीक काम आपल्याच मनाने भरतात. मग फोटो छान येतो पण तो तुमच्या दुर्बिणीचा राहत नाही.

डीएसएलआरचा फोकस न होणं हा तुमचा दोष नाही आणि दुर्बिणीचाही नाही. न्यूटोनियन आयपीससाठी बनवलेली असते, तिचा फोकस नळीबाहेर थोडासाच येतो. डीएसएलआरमध्ये सेन्सर आत खोल, टी-रिंग धरून ५५ मिमी मागे, तुम्ही फोकसर (आयपीस आत-बाहेर सरकवणारी नळी) पूर्ण आत ढकलला तरी सेन्सर फोकसच्या मागेच राहतो. उपाय तीन आहेत. सर्वात सोपा म्हणजे बार्लो, तो फोकस बाहेर ढकलतो, वर चंद्र मोठाही होतो. ६५० मिमीवर सेन्सरवर चंद्र फक्त ६ मिमीचा पडतो (फोकल लेंथला ११० ने भागा, सोपं गणित), बार्लोने १२ मिमी होतो आणि एपीएस-सी (बऱ्याच डीएसएलआरमधल्या) सेन्सरची उंची १५ मिमीच्या आसपास, म्हणजे पूर्ण चंद्र फ्रेममध्ये झक्क बसतो. दुसरा उपाय, काही मॉडेल्सवर आयपीस होल्डर काढला की फोकसरवरच टी-थ्रेडचे (टी-रिंग बसणारे) आटे असतात, कॅमेरा थेट तिथे बसवता येतो, तेवढ्यात काम होऊन जातं, आधी ते बघा. तिसरा, मुख्य आरसा दोनतीन सेंटिमीटर पुढे आणायचा, लांब स्क्रू घालून. हे मी केलंय, चालतं, पण नंतर साध्या आयपीसने बघायला एक्स्टेन्शन लागतं आणि कोलिमेशनची (आरसे एका रेषेत जुळवण्याची) कटकट वाढते, म्हणून पहिल्यांदा नको.

बारीक फोकससाठी लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचं थेट चित्र) दहापट मोठा करा आणि चंद्राच्या मधोमध नाही, उजेड-अंधाराच्या सीमेवरच्या एखाद्या छोट्या खड्ड्यावर फोकस करा. फोकसरच्या नॉबला कपडे वाळत घालायचा चिमटा लावा, खरंच सांगतो, नॉब बोटाने फिरवताना जेवढी दुर्बीण हलते त्याच्या निम्मीही चिमट्याच्या टोकाने हलत नाही आणि फिरवणंही बारीक होतं. दहा रुपयांचं काम. शटर हाताने दाबू नका, टायमर किंवा रिमोट, कॅमेऱ्याच्या आतला आरसा वर लॉक होत असेल तर करा. ट्रायपॉडचे पाय पूर्ण आत घ्या, बसून काढा.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर ऑटो बंद, दुपारचं एक्स्पोजर, बार्लो, चिमटा, टायमर. एवढ्याने पांढरा गोळा जाईल आणि खड्डे दिसतील. पण फोटो अजूनही पाण्याखालचाच येईल. आता त्याच्याकडे.

मी पहिली तीन वर्षं गच्चीवरून काढायचो. साहजिक आहे, आवारात माड, पोफळी, आंबा, कुठून तरी चुडत मध्ये येणार, गच्चीवर आकाश मोकळं. फोटो मऊच यायचे, मी दोष आरशाला दिला, मग बार्लोला दिला, दुसरा बार्लो आणला, तोही तसाच. एका फेब्रुवारीत गच्चीच्या लिकेजचं काम काढलं, वर जायची सोय नव्हती, म्हणून नाइलाजाने दुर्बीण मागच्या परसात विहिरीजवळ गवतावर लावली. माडांच्या मधून चाळीस मिनिटंच चंद्र दिसत होता. त्या चाळीस मिनिटांत जे फोटो आले तसे तीन वर्षांत आले नव्हते. तीच दुर्बीण, तोच बार्लो, तोच मी.

कारण एकदम साधं. आपल्याकडे स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री अकरा-बारापर्यंत ओकत राहतो. त्या गरम हवेच्या वाफा तुमच्या दुर्बिणीच्या तोंडासमोरून वर जातात, थंड-गरम हवा मिसळते, उजेड वाकतो, आणि चंद्राची कड तापलेल्या तेलाच्या कढईसारखी लवलवते. डोळा हे सांभाळून घेतो, मध्येच क्षणभर स्थिर झालं की मेंदू तेवढं उचलतो, म्हणून तुम्हाला आयपीसमधून चंद्र झकास दिसतो. कॅमेरा मात्र त्या १/१२५ सेकंदात जे होतं ते घेतो, भलं असो की बुरं. चिऱ्याची भिंतही तशीच, उन्हाकडची असेल तर रात्री उशिरापर्यंत गरम. पत्रा त्यामानाने बरा, तापतो भरपूर पण सूर्य गेला की लवकर निवतो. पर्वरीत फ्लॅटमध्ये असाल तर एसीचे आउटडोअर युनिट बघा, शेजाऱ्याचं युनिट तुमच्या चंद्राच्या दिशेला असेल तर कितीही भारी दुर्बीण आणा, तिचं काही चालणार नाही.

आता यातला पेच बघा. शुक्ल अष्टमीचा चंद्र सूर्य मावळतो तेव्हा सर्वात वर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. म्हणजे चंद्र जेव्हा उत्तम जागी तेव्हा स्लॅब सर्वात तापलेला, आणि स्लॅब थंड होईपर्यंत चंद्र खाली उतरलेला. खाली उतरला की त्याचा उजेड जास्त हवेतून येतो, क्षितिजापासून ३० अंशांवर असला की डोक्यावरच्यापेक्षा दुप्पट हवा, वर कडेला लाल-निळी किनार येते ती वेगळी. म्हणून शुक्ल पक्षात गच्ची ही जवळजवळ हमखास चुकीची जागा आहे. खाली मातीवर किंवा गवतावर या, निदान सोसायटीच्या बागेच्या कोपऱ्यात, आणि पूर्ण काळोख व्हायची वाट बघू नका. चंद्राला काळोख लागत नाही. सात वाजता आकाश अजून निळसर असताना सुरू करा, साडेआठपर्यंत आटपा.

आणि पहाटे उठायची तयारी असेल तर हा सगळा हिशेब उलटा होतो. कृष्ण अष्टमीचा चंद्र मध्यरात्री उगवतो, पहाटे वर असतो, तोवर स्लॅब निवलेला, एसी बरेचसे बंद, रस्ता शांत. माझे चांगले म्हणावेत असे जे दहा-बारा फोटो आहेत त्यातले आठ पहाटे साडेचार ते सहामधले आहेत, आणि त्यातले दोन तर गच्चीवरचेच. कोजागिरीनंतरची जी कृष्ण अष्टमी येते, ऑक्टोबर-नोव्हेंबरकडे, ती चुकवू नका. पावसाने हवा धुतलेली असते आणि त्या दिवसांत पहाटेचा अर्धा चंद्र आपल्या अक्षांशावर जवळजवळ डोक्यावर येतो. शुक्ल पक्षातली तशीच जागा शिगम्याच्या (आपल्याकडच्या होळीच्या सणाच्या) आधीची, फाल्गुन शुद्ध अष्टमी, तेव्हा संध्याकाळचा अर्धा चंद्र डोक्यावर असतो. उलट सप्टेंबरातला संध्याकाळचा अर्धा चंद्र दक्षिणेला कललेला, पन्नास अंशांच्या आसपास. तसंही तेव्हा चवथीचे ढग असतात, आणि चवथीला चंद्र बघू नये म्हणून घरात आई असतेच.

गोव्याबद्दल लोकांची एक समजूत आहे की समुद्र, दमट हवा, इथून काय फोटो निघणार. उलट आहे. आकाशगंगेसारख्या अंधुक गोष्टींना दमट हवा मारते हे खरं, पण चंद्राला हवा स्वच्छ असण्यापेक्षा स्थिर असणं महत्त्वाचं. हिवाळ्यात तो वरचा जोरदार वारा, जेट स्ट्रीम, उत्तर भारतावरून वाहतो, आपण त्याच्या बरेच दक्षिणेला आहोत, म्हणून आपल्याकडे कित्येक रात्री तारे फारसे लुकलुकतही नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीतली किंचित धूसर, वारा पडलेली रात्र दिसली की मी दुर्बीण बाहेर काढतोच. नितळ काळं आकाश आणि तारे हिऱ्यासारखे चमचमतायत अशी रात्र असेल तर कविता करा, चंद्राचा फोटो नको.

परीक्षा कशी करायची? लाइव्ह व्ह्यू मोठा करून चंद्राची कड बघा. कड भरभर उकळत असेल तर दुर्बीण आत ठेवा किंवा नुसतं डोळ्याने बघा. कड हळूहळू, श्वास घेतल्यासारखी हलत असेल आणि मध्येच दोनतीन सेकंद थांबत असेल तर ती रात्र तुमची.

ते मध्येच थांबणं पकडायचं कसं, तर व्हिडिओने. एक फोटो काढून नशिबावर सोडण्याऐवजी एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या, हजार-दोन हजार फ्रेम्स मिळतात, त्यातल्या चांगल्या दहा-वीस टक्के सॉफ्टवेअर निवडतं आणि एकावर एक रचतं. ऑटोस्टॅकर्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याला तुमच्या कॅमेऱ्याची व्हिडिओ फाइल चालली नाही तर आधी पिप नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून बदलून घ्या. एक मेख आहे, बरेच डीएसएलआर व्हिडिओ घेताना पूर्ण सेन्सरचं चित्र लहान करतात आणि बारीक काम तिथेच जातं, म्हणून क्रॉप व्हिडिओ मोड असेल तर तो वापरा, नसेल तर सरळ ८०-१०० रॉ फोटो भराभर काढा आणि तेच रचा, पूर्ण चंद्रासाठी हे मला व्हिडिओपेक्षाही आवडतं. पुढेमागे पैसे घालायचेच झाले तर मोठ्या दुर्बिणीपेक्षा छोटा प्लॅनेटरी कॅमेरा घ्या, तो आयपीसच्या जागी बसतो, फोकसचा प्रश्नच येत नाही. त्याची फ्रेम लहान असते, चंद्र तुकड्यातुकड्यांत घ्यावा लागतो, शेजारच्या तुकड्यांत पाव भाग तरी सामाईक ठेवा म्हणजे जोडताना त्रास नाही.

रचल्यावर शार्पन करायचं, रेजिस्टॅक्स सॉफ्टवेअरचे वेव्हलेट (बारीक काम उठवणाऱ्या पट्ट्या) असतात, आणि इथे हात आवरा. पहिल्या वर्षी प्रत्येकजण जास्त करतो, मीही केलं, चंद्र भाजलेल्या पापडासारखा दिसतो, फोडच फोड आणि कडेला पांढरी रेघ. ती रेघ दिसली की दोन पावलं मागे या.

कधी काय काढायचं यासाठी मी ॲप वगैरे ठेवलेलं नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं, कारण आपली तिथी म्हणजेच चंद्र-सूर्यातलं अंतर, १२ अंशांना एक तिथी. त्यामुळे उजेडाची सीमा कुठे असेल ते तिथीवरूनच कळतं. फक्त कॅलेंडरवर छापलेली तिथी सूर्योदयाची असते, संध्याकाळपर्यंत पुढची लागलेली असू शकते, ते बघून घ्या. पंचमीच्या आसपास शांतिसागरात, म्हणजे १९६९ साली अपोलो ११ जिथे उतरलं त्याच सागरात, पूर्वेकडे आर्यभट नावाचं विवर आहे, २२ किलोमीटरचं, लाव्ह्याने बुजून अर्धंमुर्धं वर राहिलेलं. षष्ठीला थिओफिलस, सिरिलस, कॅथरिना ही तीन विवरं, नवशिक्यांसाठी यांच्यासारखं दुसरं काही नाही. अष्टमीला टॉलेमियस विवराची रांग आणि अपेनाइन पर्वत. अष्टमी-नवमीला रुपेस रेक्टा, ११० किलोमीटर लांबीचा सरळ कडा, संध्याकाळी काळ्या रेघेसारखा दिसतो आणि कृष्ण अष्टमीच्या पहाटे तोच पांढरी रेघ होतो, कारण ऊन दुसऱ्या बाजूने येतं. दोन्ही काढून शेजारी ठेवा. नवमीला प्लेटो आणि दक्षिणेला क्लेव्हियस, दशमीला कोपर्निकस, ही सगळी विवरंच.

तुमच्या दुर्बिणीची खरी परीक्षा हवी असेल तर षष्ठीला प्रसन्नतेच्या सागरात बेसेल विवराजवळ साराभाई नावाचं छोटंसं विवर आहे, सुमारे ८ किलोमीटरचं, आपल्या विक्रम साराभाईंच्या नावाचं. चंद्रावरचे १.८६ किलोमीटर म्हणजे एक आर्कसेकंद, म्हणजे हे विवर चारेक आर्कसेकंदांचं झालं. १३० मिमीच्या आरशाला ते आरामात जमायला हवं. ज्या रात्री ते फोटोत नीट गोल आलं त्या रात्री तुमचं फोकस, कोलिमेशन आणि हवा तिन्ही जागेवर होतं असं समजा. मला ते पहिल्यांदा मिळायला चार वर्षं लागली, तुम्ही खाली गवतावर आलात तर चार महिन्यांत मिळेल.

पौर्णिमेला मात्र फारसं हाती लागत नाही. ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात, सगळं सपाट. टायको विवरातून पसरलेले पांढरे किरण छान येतात, आणि रॉ फोटोत रंग हळूहळू वाढवले तर शांतिसागर निळसर आणि शेजारचे भाग तांबूस दिसायला लागतात, ते निळेपण तिथल्या टायटॅनियमवाल्या खडकांचं असतं. एक-दोनदा करायला मजा येते.

आता माउंट. मोटर नसली तरी चालतं हे वर सांगितलंच, पण ईक्यू माउंट आपल्याकडे एक वेगळाच त्रास देतो. त्याचा अक्ष अक्षांशाएवढा, म्हणजे साडेपंधरा अंशांवर ठेवायचा असतो, इतका आडवा झाला की वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला आपटतो. ट्रायपॉड थोडा फिरवून दांडा दोन पायांच्या मध्ये येईल असं बघा. ध्रुवतारा शोधत बसू नका, तो आपल्याकडे इतका खाली की बिल्डिंग नाहीतर माड आड येणारच. अक्ष अंदाजे उत्तरेकडे करा, चंद्राला तेवढं पुरतं, एकच नॉब फिरवत राहायचं. आयपीस विचित्र जागी गेला तर नळी धरणाऱ्या रिंगा सैल करून नळी फिरवा. कोलिमेशन कधीच केलं नसेल तर तेही करून घ्या, एफ/५ ला थोडा आरसा हलला तरी कळतं. पणजीत असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमीची मंडळी आकाशदर्शन करतात, तिथे कुणाला तरी करताना एकदा प्रत्यक्ष बघा, वाचून शिकण्यापेक्षा लवकर येतं.

शेवटचं, जे कुणी सांगत नाही. दुर्बीण एसीच्या खोलीत ठेवू नका. थंड आरसा आपल्या दमट हवेत आणला की चष्म्यावर येते तशी वाफ धरते आणि अर्धा तास वाया. ती पुसायची तर मुळीच नाही, थांबायचं. नेहमीच्या हवेच्या खोलीत ठेवा आणि फोटोच्या आधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढून ठेवा. पहाटे दव पडतं तेव्हा नळीच्या तोंडाला योगा मॅटचा तुकडा गुंडाळून पुढे वीतभर बाहेर काढा. आणि जून लागायच्या आत दुर्बीण, बार्लो, आयपीस सगळं कोरडं करून हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर, दर महिन्याला जेल तव्यावर गरम करून परत. माझा पहिला बार्लो मी एका पावसाळ्यात तसाच कपाटात ठेवला, ऑगस्टमध्ये काढला तेव्हा काचेत बुरशीची जाळी, अगदी चंद्रावरच्या किरणांसारखी पसरलेली. चूक माझीच.

तर पुढच्या शुक्ल षष्ठीला खाली उतरा, साडेसहाला दुर्बीण लावा, सातला सुरू करा. ऐंशी फोटो काढा, आणि मला दाखवायचे असतील तर त्यातले तीन-चार रॉ जसेच्या तसे दाखवा, शार्पन केलेला जेपीईजी नको, त्यावरून काहीच कळत नाही. कॅमेऱ्याचं मॉडेल आणि दुर्बीण कुठे लावली होती तेही लिहा, समोर कुणाची गच्ची होती का तेसुद्धा.